तरसेम सिंग : गाण्यांचे व्हिडिओ, जाहिराती आणि खिशातून पैसे घालून काढलेला एक सिनेमा

रीळतुटे (धागाकर्ता)

इथे डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ या अमेरिकन दिग्दर्शकांवर भरपूर चर्चा झाली आहे, त्यांच्याच पिढीतल्या जालंधरच्या दिग्दर्शकावर एकही धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

तरसेम सिंग धंदवार, जन्म १९६१. वडील इराणमध्ये विमानांचे इंजिनियर, त्यामुळे बालपणाचा काही भाग इराणात आणि शाळा सिमल्याची बिशप कॉटन. पुढे दिल्लीत कॉलेज. घरच्यांना मुलाने अमेरिकेत जाऊन मॅनेजमेंट शिकावं असं वाटत होतं. हे चिरंजीव पोचले पॅसाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये, सिनेमा शिकायला. मायकल बे आणि झॅक स्नायडरही तिथलेच. (त्या कॉलेजच्या पाण्यात काहीतरी असावं. तिघांनाही संवादापेक्षा फ्रेम प्यारी.)

१९९० मध्ये सुझॅन व्हेगा आणि एन व्होग यांच्या गाण्यांचे व्हिडिओ केले. १९९१ मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचं 'लूझिंग माय रिलिजन'. रिकामी खोली, खिडकीबाहेर पाऊस, बँडची मंडळी इकडून तिकडे पळतात, खिडकीतला दुधाचा जग पडून फुटतो आणि मेंडोलिन सुरू होतं. मग काराव्हाजिओच्या चित्रांसारखा एका बाजूने पडणारा उजेड, बाणांनी विद्ध संत सेबॅस्टियन, रशियन क्रांतिकाळातल्या पोस्टरवरचे कामगार, पंख असलेला म्हातारा आणि मध्येच आपल्या कॅलेंडरवर असतात तशा निळसर देवता. दुधाचा जग रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीकडून आला, पंखवाला म्हातारा गार्सिया मार्केझच्या कथेतून. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याने सहा बक्षिसं नेली, त्यांत वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओही होता. नंतर ग्रॅमी.

आता माझा मुद्दा. फिंचरने मॅडोनाचे व्हिडिओ केले, मग सिनेमात गेला आणि तिथलाच झाला. जोन्झचंही साधारण तेच. म्हणजे व्हिडिओ ही पायरी आणि सिनेमा हा वरचा मजला. तरसेमची कारकीर्द त्या मापाने मोजली तर फसलेली दिसते. पहिला व्हिडिओ १९९०चा, पहिला सिनेमा, 'द सेल', २००० साली, आणि आजवर सिनेमे जेमतेम सहा. पण हा माणूस जिना चढतच नव्हता, असं मला वाटतं. जाहिरात आणि व्हिडिओ हेच त्याचं घर. सिनेमा हा त्याचा खर्च होता, अगदी शब्दशः. 'द फॉल'ला त्याने स्वतःचे पैसे घातले.

सविस्तर पुढे लिहितोच. आधी तुम्ही बोला.

तिरकस बाण

पहिला मीच. 'द सेल' बघितला आहे. सीरियल किलरच्या मेंदूत जेनिफर लोपेझ शिरते. गोष्ट म्हणाल तर हॅनिबल लेक्टरच्या लाटेवर आलेल्या डझनभर सिनेमांतली एक, आणि मध्ये मध्ये परफ्यूमच्या जाहिराती. घोड्याचे काचांनी उभे काप होतात तो प्रसंग कुणीच विसरत नाही, पण त्या प्रसंगाच्या आधी आणि नंतर काय झालं हे इथल्या एकाने तरी आठवून सांगावं.

बॉबिनवाली

मी सांगते. नंतर तो जांभळा झगा येतो. व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ सिंहासनावरून उठतो आणि मागच्या भिंतींवरचं सगळं कापड त्याच्या पाठीला जोडलेलं आहे हे आपल्याला तेव्हा कळतं. दालन म्हणजेच त्याचा झगा. त्या माणसाच्या डोक्यात तो राजा आहे, हे सांगायला तिथे एकही वाक्य लागत नाही. याला परफ्यूमची जाहिरात म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

ते कपडे एइको इशिओका यांचे. जपानी ग्राफिक डिझायनर, मुळात जाहिरातीच्या क्षेत्रातल्या. कपोलांच्या ड्रॅक्युलासाठी ऑस्कर मिळालेलं. 'द सेल', 'द फॉल', 'इमॉर्टल्स', 'मिरर मिरर' हे तरसेमचे पहिले चारही सिनेमे त्यांचे. 'द सेल'मध्ये लोपेझच्या गळ्याभोवती एक कडक पट्टा आहे. तो जरा सैल करा अशी विनंती तिने केली तेव्हा बाईंनी नकार दिला, कारण त्या प्रसंगात तिचा छळच चाललेला असतो, तर पट्टा टोचायलाच हवा. मला हे फार आवडतं. आमच्या धंद्यात नटीला टोचलं की दुसऱ्या मिनिटाला कात्री मागवतात.

बाई जानेवारी २०१२ मध्ये गेल्या. 'मिरर मिरर' त्यानंतर पडद्यावर आला आणि त्यातल्या कपड्यांना मरणोत्तर ऑस्कर नामांकन मिळालं. त्यांच्यानंतरचा 'सेल्फ/लेस' (२०१५) बघा. रायन रेनॉल्ड्स, बेन किंग्जली, सगळं ठीकठाक, पण तरसेमचं नाव काढून घेतलं तर ओळखू येणार नाही. त्यामुळे धागाकर्त्यांनी 'तरसेमची शैली' म्हणताना त्यात इशिओकांचा वाटा किती, हेही लिहावं.

रीळतुटे

@बॉबिनवाली, निम्मा तरी असेल, आणि हे तो स्वतःही नाकारणार नाही. पण दुधाचा जग आणि संत सेबॅस्टियन इशिओकांच्या आधीचे. चित्र उचलून आणायचं, त्याच्या मूळ घराची फिकीर करायची नाही आणि दुसऱ्या चित्राशेजारी ठेवून द्यायचं, ही खोड त्याची स्वतःची.

@तिरकस बाण, 'द सेल' साधारण ३.३ कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात १० कोटींवर कमावले. म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने पठ्ठ्या पास. तशाच आणखी दोन-तीन पटकथा घेऊन तो आरामात बसू शकला असता. त्याऐवजी परत जाहिरातींकडे गेला आणि पुढचा सिनेमा आला २००६ मध्ये. मधल्या काळाचीच खरी गंमत आहे.

स्पॉटदादा_चहा

इथे मी बोलू शकतो. बरीच वर्षं मुंबईत अ‍ॅड फिल्म प्रॉडक्शनमध्ये आहे (खरं नाव विचारू नका, एजन्सीवाले इथेही वाचतात).

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी. परदेशात तीस सेकंदांची फिल्म शूट करायची म्हणजे आधी रेकी (जागेची पाहणी), मग परवानग्या, लाइन प्रोड्यूसर, कॅमेरा-लाइट, माणसांची तिकिटं, हॉटेलं. प्रत्यक्ष शूट दोन-तीन दिवस, बाकी सगळी जुळवाजुळव. खर्चातला मोठा वाटा हा त्या जागी पोचण्यात जातो. तरसेमने काय केलं, तर जगातले बडे क्लायंट हाताशी असताना तो कामं निवडताना पैशांइतकंच शूट कुठे आहे तेही बघायचा. क्लायंटच्या पैशाने नामिबियात पोचला, जाहिरात उरकली, मोठं युनिट परत पाठवलं, मोजकी माणसं ठेवली, आपले नट विमानाने बोलावून घेतले आणि 'द फॉल'चे दोन-चार शॉट काढले. मग पुढची जाहिरात, पुढचा देश. अशी चार वर्षं, दोन डझनांच्या आसपास देश.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात चार वर्षं कंटिन्युइटी सांभाळायची म्हणजे डोक्याला ताप. तेच कपडे, त्याच दाढ्या, तोच उजेड. इथे दोन दिवसांच्या गॅपनंतर हिरोचं घड्याळ दुसऱ्या हातात जातं. कॅमेरामन कॉलिन वॉटकिन्सन शेवटपर्यंत तोच होता, म्हणून तो सिनेमा एकजीव दिसतो. त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम घेतलं.

त्याच्या जाहिरातींबद्दलही लिहा की. लिव्हाइसची 'स्विमर' (१९९२), पोरगा जीन्स घालून एकेका बंगल्याच्या तलावातून पोहत जातो ती. नायकीची १९९६ची, रोमन आखाड्यात राक्षसांविरुद्ध फुटबॉल आणि शेवटी फ्रेंच फुटबॉलपटू कँटोनाने कॉलर उभी करून मारलेला गोल. पेप्सीची २००४ची, ब्रिटनी, बियॉन्से आणि पिंक ग्लॅडिएटर झालेल्या आणि एन्रिके सम्राट. आमच्या पिढीने ट्रीटमेंट (फिल्म कशी दिसेल त्याचा लेखी आराखडा) लिहायला या फिल्म बघून शिकलं. त्या करणारा माणूस पंजाबी आहे हे बऱ्याच उशिरा कळलं.

मधली सुट्टी

वा, स्पॉटदादा! असे प्रतिसाद आले की धाग्याचं सोनं होतं. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

'द फॉल'ची गोष्ट काय आहे ते कुणीतरी सांगा ना, शेवट न फोडता.

रीळतुटे

सांगतो. मूकपटांच्या काळातलं लॉस एंजेलिस. इस्पितळात रॉय नावाचा स्टंटमन पडून आहे, पाय लुळे पडलेले, प्रेयसी हिरोबरोबर गेलेली. त्याच इस्पितळात संत्र्यांच्या बागेत पडून हात मोडलेली स्थलांतरितांची पोरगी, अलेक्झांड्रिया. तो तिला पाच वीरांची साहसकथा सांगतो, आणि बदल्यात औषधाच्या खोलीतून मॉर्फिन आणवून घ्यायचा त्याचा डाव आहे. कशासाठी ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मूळ बेतलेला आहे 'यो हो हो' या १९८१च्या बल्गेरियन सिनेमावर.

पोरीचं काम केलं कातिंका उंतारू या रोमेनियन मुलीने. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. रॉय झालेला ली पेस तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता, त्याचा फायदा घेऊन तरसेमने युनिटला सांगितलं की हा नट खरोखरच चालू शकत नाही. मोजकी माणसं सोडली तर सगळ्यांना ते खरं वाटलं, त्या मुलीलाही. इस्पितळातले प्रसंग आधी आणि क्रमाने शूट केले, कॅमेरे पडद्याआड लपवून. दोघं पलंगावर बसून कुजबुजतात ते प्रसंग बघताना आपण चोरून ऐकतो आहोत असं वाटतं.

@तिरकस बाण, आणि इथेच तुमच्या 'नुसती चित्रं' या आक्षेपाला उत्तर आहे. रॉय सांगतो तो इंडियन अमेरिकेतला आदिवासी आहे, त्याच्या गोष्टीत तंबू आहे. पण पोरीने बागेत काम करणारा एक हिंदुस्थानी पाहिलेला आहे, म्हणून पडद्यावर दिसतो फेटेवाला आणि राजस्थानातली पायऱ्यांची विहीर. सांगणारा एक गोष्ट सांगतोय आणि आपण बघतोय ती ऐकणारीची गोष्ट. तो सगळा थाट लहान पोरीच्या डोक्यातला आहे, म्हणून तो अतोनात आहे. इथे चित्रं कथेवर चिकटवलेली नाहीत. कथाच त्या चित्रांवरून दोघांत चाललेल्या ओढाताणीची आहे.

कातरवेळ

सिनेमा दोनदा पाहिला आहे, आवडलाही आहे, पण एक खुपतं. चांद बावडी, जंतरमंतर, ताजमहाल, फतेहपूर सिक्री, जोधपूरची निळी घरं, बालीतलं केचक नृत्य, सगळं एका माळेत ओवलेलं, आणि कशालाही स्वतःचं नाव-गाव-इतिहास नाही. जंतरमंतर हे ग्रहगणिताचं यंत्र आहे हे सिनेमा बघून कुणाला कळणार? हेच एखाद्या गोऱ्या दिग्दर्शकाने केलं असतं तर आपण इथे दोनशे प्रतिसादांचा धागा काढला असता.

त्याचा डीप फॉरेस्टच्या गाण्याचा व्हिडिओही असाच, एक लहान मुलगी तीनचाकी घेऊन जगभर फिरते. दिसायला अतिशय गोड. पण त्या गाण्यातला आवाज सॉलोमन बेटांवरच्या एका बाईचा आहे, अंगाईगीत आहे ते, एका संशोधकाने ध्वनिमुद्रित केलेलं. बँडने ते वापरलं, जगभर विकलं, आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. त्यात तरसेमचा दोष नाही, पण गाणं आणि व्हिडिओ एकमेकांना किती शोभतात बघा.

रीळतुटे

आक्षेप रास्त आहे आणि 'ती मुलीची कल्पना आहे' एवढ्याने तो संपत नाही, मान्य. एकच भर घालतो. जोधपुरात त्याला घरं हवी तेवढी निळी दिसेनात, तेव्हा लोकांना रंग फुकट वाटला, ज्याने त्याने आपापलं घर रंगवलं. अंदमानचा पोहणारा हत्ती खरा, राजन नावाचा, बेटांवर लाकूड ओढायच्या कामाला आणलेला. २०१६ मध्ये गेला बिचारा. म्हणजे संगणकावर जग रचण्यापेक्षा हा माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो. यात श्रेय आहे की फक्त हौस, ते तुम्ही ठरवा.

सदू पेंटर

कॅलेंडरचा विषय निघालाय म्हणून. मी साइनबोर्ड रंगवायचो, फ्लेक्स येईपर्यंत. ते आर.ई.एम.वालं गाणं मला पोराने दाखवलं. मी म्हटलं, अरे हे तर आपलं देवाचं कॅलेंडर आहे. समोरून सपाट उजेड, देव बरोबर मधोमध, मागे रंगवलेला पडदा, सावली जवळजवळ नाहीच. राजा रविवर्म्याचा छापखाना आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता, तिथून जी चित्रं घरोघर गेली त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. आणि त्याच्याच पुढच्या शॉटला एकदम काळोखातला उजेड, म्हणजे विलायती पद्धत. दोन्ही प्रकार एका गाण्यात बसवायचे तर रंगाची जाण पाहिजे. नाहीतर गणपतीचा देखावा होतो.

तिरकस बाण

सदूकाका, लाख बोललात. पण गणपतीचा देखावा झालाच आहे, त्याचं नाव 'इमॉर्टल्स' (२०११). सोन्याचे कपडे घातलेले ग्रीक देव ढगात उभे. आपली मुंबईची फ्रिडा पिंटो त्यात आहे, तिला करायला काय दिलंय ते शोधून दाखवा.

रीळतुटे

'इमॉर्टल्स'चा बचाव मी करणार नाही. तरी सांगतो, कमाईत त्याचा हाच सगळ्यांत मोठा सिनेमा, जगभरात २२ कोटी डॉलरच्या वर. आणि हेन्री कॅव्हिल सुपरमॅन व्हायच्या आधीचा.

उलट 'द फॉल' २००६ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला आणि कुणी घेईना. अमेरिकेत लागला २००८ मध्ये, तोही फिंचर आणि जोन्झ यांनी आपली नावं प्रस्तुतकर्ते म्हणून दिली तेव्हा. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने चारपैकी चार तारे दिले, पण तिकीटबारीवर शुकशुकाट. पुढे कित्येक वर्षं तो कुठे स्ट्रीमिंगवरही नव्हता, डीव्हीडी मिळेनाशा झाल्या. लोक स्क्रीनशॉट बघून 'हा कुठला सिनेमा' म्हणून विचारत राहिले. २०२४ मध्ये ४के प्रत तयार झाली, लोकार्नो महोत्सवात दाखवली, मग मुबी या स्ट्रीमिंग साइटवर आली. अठरा वर्षांनी.

घाटमाथा

अवांतर : आपल्याकडे व्हिडिओतून सिनेमात गेलेले म्हणजे प्रदीप सरकार. 'अब के सावन', 'पिया बसंती', युफोरियाचं 'धूम पिचक धूम', आणि मग २००५ मध्ये 'परिणीता'. केन घोषने अलिशाचं 'मेड इन इंडिया' केलं, नंतर 'इश्क विश्क'. सरकारांचे व्हिडिओ बघताना पाच मिनिटांत एक अख्खी कथा संपते. तरसेमच्या व्हिडिओत कथा नसतेच, नुसती झांकी. सरकार २०२३ मध्ये गेले. त्यांच्यावर स्वतंत्र धागा कुणीतरी काढाच.

स्पॉटदादा_चहा

+१. आणि सरकारही जाहिरातीतलेच. इंडिपॉपच्या त्या पाच-सात वर्षांत आमच्या लोकांना गोष्ट सांगायला वेळही मिळाला आणि थोडे पैसेही. मग म्युझिक कंपन्यांनी सगळा पैसा सिनेमाच्या गाण्यांत घातला आणि ते दुकान बंद झालं.

सरेवासी

मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात राहते. आश्चर्य वाटलं की इतक्या प्रतिसादांत 'डिअर जस्सी'चं नाव नाही. तरसेमचा २०२३चा सिनेमा, पंजाबीत, टोरांटोला प्लॅटफॉर्म पुरस्कार मिळालेला.

इथल्या पंजाबी कुटुंबांत ही घटना आजही दबक्या आवाजात बोलली जाते. जस्सी इथली, मेपल रिजची. पंजाबात गेली असताना एका गरीब घरच्या कबड्डीपटूच्या प्रेमात पडली, गुपचूप लग्न केलं. जून २००० मध्ये पंजाबात दोघांवर हल्ला झाला. तो वाचला, तिला मारलं. कट रचल्याचा आरोप तिच्या आईवर आणि मामावर आला, दोघांना भारताच्या हवाली करायला २०१९ उजाडलं.

सिनेमात तरसेमचं ते सगळं वैभव नाही. ना झगे, ना वाळवंट, ना उडणारं कापड. साधी पंजाबी घरं, शेतं, दोन नवखी मुलं, पाव्हिया सिद्धू आणि युगम सूद. पहिला बराच भाग तर चक्क गोड प्रेमकथा आहे, पत्रं, गच्चीवरून बघणं वगैरे. कॅमेरा लांब उभा राहून बघतो. पुढे काय होणार हे मला माहीत होतं, तरी शेवटी मी खुर्चीचा हात घट्ट धरून होते. थिएटरमध्ये कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या पंजाबी बाई दिवे लागल्यावरही उठेनात.

तिरकस बाण

हे माहीत नव्हतं. इतका साधा सिनेमा त्याच 'द सेल'वाल्याने केला?

सरेवासी

त्यानेच. लेखन अमित राय यांचं, 'ओएमजी २'चे दिग्दर्शक. आणि मला उलट वाटलं की ही फ्रेमची शिस्त जुनीच आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि मग तिथून हलवायचा नाही, हे त्या व्हिडिओतही होतं. फक्त समोर ठेवलेलं सामान काढून घेतलंय.

बॉबिनवाली

@सरेवासी, हे पटलं. त्याच्या तीन वर्षं आधी, २०२० मध्ये, त्याने लेडी गागाचा '९११' केला होता. पांढऱ्या वाळूत घोडेस्वार, डाळिंबं, आर्मेनियन पोशाखांसारखे कपडे, सगळं सोव्हिएत काळातल्या आर्मेनियन दिग्दर्शक पाराजानोव्हच्या सिनेमाला वाहिलेलं. आणि शेवटी कळतं की हे सगळं रस्त्यावर अपघात होऊन पडलेल्या बाईला दिसतंय, एकेका वस्तूचा उलगडा होतो. म्हणजे पुन्हा 'द फॉल'चीच युक्ती. जखमी माणूस आणि त्याला दिसणारं जग. एका टोकाला हे आणि लगेच 'डिअर जस्सी', जिथे पळून जायला कल्पनेचं जगच ठेवलेलं नाही.

रीळतुटे

@बॉबिनवाली, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'द सेल'मध्येही तेच, दुसऱ्याच्या डोक्यात शिरणं. म्हणजे पैसे क्लायंटचे असोत की स्वतःचे, तो चित्र कुणाच्या तरी नजरेला बांधतो तेव्हा ते उभं राहतं. 'इमॉर्टल्स'मध्ये ते सोनेरी देव कुणाला दिसताहेत, तर कुणालाच नाही. तिथे तो पडतो.

@मधली सुट्टी, क्रम विचाराल म्हणून आधीच सांगतो. आधी आर.ई.एम.चं गाणं, मग सरळ 'द फॉल', जमल्यास मोठ्या पडद्यावर. मग '९११'. 'डिअर जस्सी' एकट्याने किंवा रात्री उशिरा बघू नका. 'मिरर मिरर' मुलांबरोबर, सुट्टीत. त्याच्या शेवटी चक्क हिंदी सिनेमासारखं गाणं आणि नाच आहे, लिली कॉलिन्स गाते.

मधली सुट्टी

धन्यवाद! शनिवारी 'द फॉल' लावते. सासूबाईंना पोहणारा हत्ती आहे एवढंच सांगितलंय, त्यामुळे त्याही बसणार आहेत. मॉर्फिनचं काय सांगायचं ते नंतर बघू.

तिरकस बाण

मीही बघतो. पण आवडला तरी 'इमॉर्टल्स' परत बघणार नाही, हे आधीच लिहून ठेवतो.